बोटीचा महागडा पंखा

लग्न झालं तेव्हा मी रामटेकच्या पुढे, एका धरणाच्या काठावरच्या दवाखान्यात नर्स होते आणि हे नागपुरात एका वर्कशॉपमध्ये टर्नर. वस्तीतल्या विहारामागे आमची पत्र्याची खोली होती, तिथे हे आणि सासूबाई राहत. मी शनिवारी दुपारच्या बसने घरी यायची आणि सोमवारी पहाटेच्या बसने परत. दीड दिवसाचा संसार होता आमचा.

धरणाच्या पलीकडे तीन गावं होती. पाणी भरलं तेव्हा त्यांचा रस्ता बुडाला. डोंगराच्या फेऱ्याने यायचं तर बैलगाडीला अख्खा दिवस लागे. म्हणून दवाखान्याला डिझेलवर चालणारी एक जुनी बोट मिळाली होती. मंगळवारी आणि शुक्रवारी मी तिने पलीकडे जाऊन लहान लेकरांना लस टोचायची, पोटुशी बायांना तपासायची. बोट चालवणारे काका ढिवर होते, पिढीजात मासेमारी करणारे, पन्नाशीचे. पाण्याखाली कुठे आंब्याचा बुंधा आहे आणि कुठे विहिरीचा कठडा, हे त्यांना तोंडपाठ होतं, कारण बुडालेलं एक गाव त्यांचंच होतं.

डिझेल महिन्याचं ठरलेलं मिळायचं. चौथा आठवडा लागला की ते संपायचं आणि बोट काठाला बांधून ठेवावी लागायची. अशाच एका महिनाअखेरीला पलीकडून एक माणूस डोंग्याने वल्हवत आला. त्याच्या भावजयीला रात्रीपासून कळा येत होत्या. पहिली खेप होती. टाकीत डिझेल नव्हतं. मी आणि काका त्याच्याच डोंग्यात बसलो. वारा उलटा होता. दोघं पुरुष आळीपाळीने वल्हवत होते तरी पोहोचायला दुपार झाली. बाई वाचली. मूल गेलेलं होतं.

मी तिचं अंग पुसत होते तेव्हा तिने विचारलं, "बाई, बोट काहून नाही आली?"

मी फडकं पिळून पुन्हा पुसायला लागले.

शनिवारी घरी आल्यावर मी हे सगळं सांगितलं. हे जेवत होते. हात ताटातच थांबला. मग म्हणाले, "बोटीचा पंखा कसा आहे?"

मला इतका राग आला की मी उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले. एका बाईचं मूल गेलं आणि या माणसाला बोटीमागे पाण्यात फिरणाऱ्या पंख्याचं पडलंय. सोमवारी निघतानाही मी धड बोलले नाही.

पुढच्या शनिवारी मी आले तर यांची पिशवी भरलेली होती. कानस, कॅलिपर, एक जाड दोर. रविवारी सकाळीच माझ्यासोबत निघायचं म्हणाले. बसमध्ये त्यांनी मला समजावलं. मी मागे कधीतरी सांगितलं होतं की बोट काळा धूर सोडते आणि जोर लावूनही पुढे सरकत नाही. ते त्यांच्या डोक्यात राहिलं होतं. "इंजिन डिझेल पिते आणि पंखा ते वाया घालवते," असं त्यांचं म्हणणं होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

काकांनी त्यांना पहिल्याच भेटीत जावई करून टाकलं. दोघांनी चार माणसं बोलावून बोट काठावर ओढली. पंख्याची तिन्ही पाती दगडा-बुंध्यांवर आपटून बोथट झाली होती, एकावर वेल्डिंगचा गोळा होता. शिवाय तो पंखा मुळात या इंजिनासाठी नव्हताच, दुसऱ्या कुठल्या तरी बोटीचा काढून बसवला होता. यांनी तो नागपूरला आणला आणि आठवडाभर काम सुटल्यावर घासला. दोन टेकूंवर आडवा दांडा ठेवून त्यात पंखा अडकवायचा, जे पातं खाली झुकेल ते थोडं घासायचं, पुन्हा बघायचं. कुठलंच पातं झुकेना झालं तेव्हा सासूबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "तराजूच झाला गा हा तर."

तेवढ्यानेही फरक पडला. धूर कमी झाला. पण चौथा आठवडा काही भागेना.

कॉटन मार्केटकडे पंप विकणारा एक दुकानदार होता. त्याच्याकडे मुंबईच्या पंख्याचं छापील पत्रक होतं. गनमेटल या पितळेसारख्या धातूचा, इंजिन आणि बोटीच्या मापाने घडवलेला. एक तृतीयांश डिझेल वाचेल, असं तो छातीठोक सांगत होता. किंमत यांच्या दोन पगारांच्या वर. हे म्हणाले, कागदावर सगळंच वाचते. तरी पत्रक घडी करून खिशात ठेवलं. मी दवाखान्यातून अर्ज केला. वरून उत्तर आलं की बोट चालू स्थितीत असल्याने नव्या पंख्याची गरज दिसत नाही.

त्या उन्हाळ्यात आम्ही कूलर घेणार होतो. पत्र्याखाली मे महिन्यात सासूबाईंना झोप लागत नसे, म्हणून वर्षभर पैसे बाजूला टाकत आलो होतो. त्या पैशांना हात लावायचा विचार माझ्या मनात आला होता, पण मी बोलले नव्हते. यांच्याही मनात असावा. सासूबाईंनीच एका रविवारी भाकरी थापता थापता विषय काढला.

"अजून एक उन्हाळा काढू," त्या म्हणाल्या. "मले काय होते? अंगावर ओलं लुगडं घेईन. तिकडच्या बायाइले बोट लागते."

पंखा आला तो गवतात गुंडाळून, पेटीत. पिवळा, गुळगुळीत, पाती रुंद आणि किंचित पिळलेली. यांनी तो मांडीवर घेऊन बराच वेळ त्यावरून हात फिरवला. मी तेव्हा पाच महिन्यांची पोटुशी होते. मला हसू आलं.

त्यांना दुकानदाराचा शब्द पुरेसा नव्हता. दर रविवारी येऊन त्यांनी मोजमाप केलं. खुणा केलेल्या डब्यातून इंजिनाला डिझेल द्यायचं, पलीकडे जाऊन परत यायचं, उरलेलं बघायचं. तीन फेऱ्या जुन्या पंख्याने, तीन नव्याने. बोटीच्या मागच्या टोकाला पालथे पडून, कमरेला दोर बांधून ते पंख्याजवळचा फेस बघत. जुना पाणी नुसतं घुसळायचा, नवा ते मागे ढकलायचा. हिशेब निघाला तो असा, की पाच लिटरमागे एक वाचतं. तृतीयांश नाही, पाचवा हिस्सा.

"दुकानदार खोटं बोलला," मी म्हटलं.

"अर्धं खरं बोलला," हे म्हणाले. "आपल्याले तेवढं पुरते."

आणि पुरलं. त्या पावसाळ्यात आणि हिवाळ्यात बोट महिनाअखेरपर्यंत चालली. एका अठ्ठावीस तारखेला आम्ही एका अडलेल्या बाईला वेळेवर अलीकडे आणलं. तिला मुलगी झाली. तोवर मलाही मुलगा झाला होता आणि मी बाळंतपणाची रजा संपवून नुकतीच परतले होते.

उन्हाळ्यात पाणी उतरलं आणि पंखा एका बुंध्यावर आदळला. काका तो गोधडीत गुंडाळून बसने आमच्या खोलीवर घेऊन आले. दारातच उभे राहिले, आत यायला तयार नव्हते. बुंधा त्यांना ठाऊक होता, पण पाणी अंदाजापेक्षा जास्त उतरलं होतं. "तुमच्या मायचा कूलर मोडला मी," एवढंच म्हणाले. सासूबाईंनी त्यांना हाताला धरून आत घेतलं आणि जेवायला वाढलं.

यांनी पातं सरळ केलं, पण मूळची वळणं तशीच्या तशी आली नाहीत. बचत निम्म्यावर आली. मग त्यांनीच ठरवून दिलं, की पाणी भरलेलं असेल तोवर महाग पंखा, आणि होळी झाली की तो काढून जुना, तराजूत तोललेला. जुना आपटला तर घासून घेता येतो. खोल, स्वच्छ पाणी असेल तर महाग पंखा घ्यावा, बुंध्यांच्या पाण्यात तो सांभाळत बसावं लागतं, असं ते पुढेही कुणी विचारलं तर सांगत. पैशात तो कधीच वसूल झाला नाही. सहा वर्षं वापरला. मग डोंगरातून पक्का रस्ता झाला, बोट लिलावात गेली आणि माझी बदली नागपुरात झाली.

पुष्कळ वर्षांनी, मुलाला पोहायला पाठवायचं म्हणून घरात बोलणं चाललं होतं, तेव्हा सासूबाई सहज बोलून गेल्या. हे लहानपणी कामठीला कन्हान नदीच्या डोहात बुडता बुडता वाचले होते. तेव्हापासून घोटाभर पाण्यातही पाय घालत नसत.

बोटीच्या टोकाला पालथा पडलेला तो माणूस आणि कमरेचा तो दोर डोळ्यांपुढे आला. आत जाऊन विचारलं, "मला सांगितलं काहून नाही?"

ते मुलाच्या सायकलची चेन बसवत होते. मान वर न करता म्हणाले, "तू त्या पाण्यावर जातच होती ना."