गेटवरच्या काकांचं रजिस्टर

"नाव काय, गाव काय, जेवलास काय?"

दापोड्याच्या आमच्या गोदामाच्या गेटवर गाडी थांबली की काका हे तीन प्रश्न एका दमात विचारायचे. पहिल्या दोन उत्तरांना रजिस्टरात रकाना होता. तिसऱ्याला नव्हता. पण ड्रायव्हर "नाही" म्हणाला, तर काका गेट उघडायच्या आधी आपला डबा उघडायचे. मागं चार ट्रक हॉर्न वाजवत उभे असले तरी त्यांना त्याचं काही वाटत नसे. मला वाटायचं, कारण मी डिस्पॅचचा कारकून आणि उशिराच्या शिव्या मला पडायच्या.

भिवंडीच्या बाजूला कधी आला असाल तर असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. लोखंडी गेट, प्लास्टिकची खुर्ची, सुतळीला बांधलेलं पेन आणि ढगळ निळ्या गणवेशातला कोणी वयस्क सिक्युरिटीवाला. आपण त्याच्याकडं बघत नाही. पहिलं वर्षभर मीही बघितलं नाही.

काका अंजूरच्या पलीकडच्या एका लहान गावातले. गावाचं नाव मी सांगणार नाही. जे घडलं त्यात गावाचा दोष एवढाच, की ते तिथं होतं. काकांची भातजमीन भावाभावांत वाटली गेली, मग विकली गेली, आणि आता तिच्यावर आमच्यासारखंच एक गोदाम उभं होतं. त्याबद्दल ते कधी गळा काढत नसत. "जमीन गेली तं गेली. चिखलातली लावनी बी गेली ना," म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

निजामपुऱ्याचे इब्राहिमभाई आठवड्यातून तीनदा टेम्पोतून कापडाचे तागे घेऊन यायचे. त्यांचं आणि काकांचं वय सारखं, दोघांनाही डायबिटीस. "भाई, चहा बिनसाखरेचा हाय," काका बजावायचे. "मग त्याला चहा कशाला म्हणता, दवा म्हणा," असं म्हणत भाई खिशातून ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा काढायचे. पथ्य असं दोघं मिळून मोडायचे.

काकांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्यातच हेड ऑफिसचा हुकूम आला, की दर महिन्याला रजिस्टरची स्वच्छ प्रत पाठवा. काकांनी त्यावर तोड काढली. ते रविवारी रजिस्टर घरी न्यायचे आणि मुलाकडून उतरवून आणायचे. गाडीचा नंबर, ड्रायव्हरचं नाव, गाव, मोबाइल, येण्याजाण्याची वेळ, सगळं मोत्यासारख्या अक्षरात. "बघा भाऊ, छापल्यावानी हाय का न्हाय?" ते पानं माझ्यापुढं धरायचे. रजिस्टर गेटबाहेर नेऊ नये हा नियम मला पाठ होता. पण माझं काम वाचत होतं. मी प्रत्येक पानाखाली सही ठोकायचो.

मुलगा तेवीस वर्षांचा, आयटीआय झालेला, घरी बसून. नजर पोचेल तिथवर गोदामं असताना घरी का, असं तुम्ही विचाराल. त्याचं कारण आमच्या धंद्यात कोणी कागदावर लिहीत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं. गावातली पोरं कामावर घ्यायची नाहीत. गावचा पोरगा आज लागला की उद्या अन्याय झाला म्हणून चार जण घेऊन येतो. लांबून आलेला माणूस मुकाट राबतो. काकांनी मुलाचा अर्ज आणून दिला, तेव्हा मी "बघतो" म्हणालो. बघण्यासारखं काहीच नव्हतं हे मला त्याच क्षणी माहीत होतं. ते मी त्यांना सांगितलं नाही.

मग एका उन्हाळ्यात काकांच्या गावात चार माणसं राहायला आली. काकांच्या घराशेजारच्या रिकाम्या चाळीत त्यांनी खोल्या घेतल्या.

"लय गुनाची मानसं," काका खूश होऊन सांगायचे. "पहाटंच उठतात. पोरांना मैदानात पळवतात, लाठी शिकवतात. परवा गावातल्या एका म्हातारीला छातीत कळ आली, तं आपल्या गाडीत घालून दवाखान्यात नेली."

"कुठली आहेत? करतात काय?" मी विचारलं.

काका जरा घुटमळले. गेटवर आलेल्या प्रत्येकाची चौकशी करणाऱ्या माणसानं शेजाऱ्यांना ते विचारलंच नव्हतं. "मी इचारायच्या आधी त्यांनीच मना इचारलं, काका जेवलात काय. मंग मी काय इचारनार?"

त्या मंडळींच्या संघटनेचं नाव मी लिहीत नाही. बोर्ड दर दोन वर्षांनी बदलतात, आतला माल तोच राहतो. काकांचा मुलगा आता पाचला उठू लागला. त्याच्या अंगावर त्यांनी दिलेला टी-शर्ट आला आणि जेवताना तो नव्या गोष्टी बोलू लागला. आपलं कोण, परकं कोण. कुठल्या दुकानातून सामान आणायचं नाही. मुसलमानांच्या गाड्या आपल्या गावच्या रस्त्यानं का जातात. काका सुरुवातीला हसण्यावारी न्यायचे. एक दिवस गेटवर त्यांनी डबा उघडलाच नाही. दुपारी म्हणाले, "त्यानं माज्या डब्याबद्दल इचारलं, भाऊ. कोना-कोनाला देता म्हनून."

मी त्यांना सरळच विचारलं, "काका, ही मंडळी शहरं सोडून तुमच्याकडंच का येतात?"

टीव्हीवर या विषयावर सुटातली माणसं तासन्‌तास भांडतात. काकांना दोन मिनिटं लागली.

"पानी कुठं साचतं? जिथं खोलगट हाय नि भाईर जायाला वाट न्हाय. खोल्या रिकाम्या, खोलीचा मालक ठान्याला. पोलीस चौकी लांब. पोरांकडं बाइक हाय नि काम न्हाय. बारा वाजेपर्यंत लोळला तरी कोनी उठवीत न्हाय. यांनी उठवलं." मग त्यांनी गेटकडं बोट केलं. "मी हितं बारा-बारा तास ड्युटी केली. जगाला इचारलं जेवलास काय. घरी जायाचो तवा तो निजलेला असायचा. त्याला कवा इचारलंच न्हाय."

माझ्या खणातला तो अर्ज मला आठवला. त्या वेळी तरी बोलायला हवं होतं. मी चहा मागवला.

पावसाळ्याच्या शेवटी एका दुपारी खाडीच्या रस्त्यावर इब्राहिमभाईंचा टेम्पो अडवला गेला. पोरांनी भाईंना नावानं हाक मारून खाली उतरवलं. तागे उलगडून चिखलात टाकले आणि लोखंडी पाइपनं त्यांचा उजवा हात कोपरापासून मोडला. त्याच आठवड्यात आमच्याकडं येणाऱ्या आणखी दोन मुसलमान ड्रायव्हरांना धमकीचे फोन आले. भाईंनी पोलिसांना सांगितलं, "त्यांच्याजवळ कागद होता. माझं नाव, गाडीचा नंबर, माझा टाइम. फार सुंदर अक्षर होतं."

हे मी काकांना सांगितलं, तेव्हा त्यांनी समोरचं रजिस्टर मिटून टाकलं.

"भाऊ, मी पोलिसांना जाऊन सांगू काय?"

"थोडं थांबा," मी म्हणालो. "आधी वकिलाला विचारू, कंपनीला विचारू."

खरी गोष्ट अशी, की त्या प्रत्येक पानाखाली माझी सही होती. काकांना ते कळलं असणार. त्यांनी वाद घातला नाही. अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि रिक्षानं आधी निजामपुऱ्यात भाईंच्या घरी गेले. भाईंच्या बायकोनं त्यांना पाणी दिलं. काकांनी सगळं सांगितलं. "भाई भिंतीकडं तोंड करून निजला तो निजलाच," काका दुसऱ्या दिवशी म्हणाले. तिथून ते पोलीस ठाण्यात गेले आणि स्वतःच्या मुलाचं नाव दिलं.

मुलगा आणि त्याचे दोन मित्र आत गेले. बाहेरून आलेल्या त्या चौघांपैकी त्या दुपारी रस्त्यावर कोणीच नव्हतं, त्यामुळं ते चाळीतच राहिले. गावात काकांशी बोलणं बंद झालं. दुकानदार त्यांना सामान द्यायचा, पण वर बघायचा नाही. आमच्या सिक्युरिटीच्या ठेकेदारानं "गेटवर लफडं नको" म्हणून त्यांना काढून टाकलं. ठेकेदाराला मी एक शब्द बोललो नाही. भ्याडपणाला सवय लागली की तो शहाणपणासारखा वाटू लागतो.

दोन महिन्यांनी, एका सोमवारी, काका गेटवर आले. नव्या सिक्युरिटीवाल्यानं त्यांना बाहेरच उभं केलं होतं. मुलाला जामीन मंजूर झाला होता, आता जामीनदार हवा होता.

"मी जामीन राहिलो तं तो माज्या घरी येल," ते म्हणाले. "त्यांचा मानूस राहिला तं तो त्यांचा झाला. मंग मना कवाच गावनार न्हाय." पण कोर्टाला जमिनीचा कागद किंवा पगाराची स्लिप लागत होती. काकांकडं जमीन उरली नव्हती आणि ठेकेदारानं त्यांना कधी स्लिप दिली नव्हती. "तुमच्याकडं स्लिप हाय, भाऊ. तुमच्या पाया पडतो."

ते खरंच वाकले. मी त्यांना धरलं आणि म्हणालो, घरी विचारून सांगतो. घरी मी कोणालाच विचारलं नाही. मंगळवारी स्टॉक-चेकिंग होतं. बुधवारी काकांचा फोन तीनदा वाजला, मी उचलला नाही. त्या रात्री झोप आली नाही. गुरुवारी सकाळी रजा टाकली, पगाराच्या स्लिपा, आधार, रेशनकार्ड घेतलं आणि कोर्टात गेलो. तिथल्या कारकुनानं सांगितलं, जामीनदार कालच झाला, आज आरोपी सुटतोय.

तिथून रिक्षा करून तुरुंगाच्या दारात पोचलो. त्या दिवसानंतर काका मला दिसले नाहीत. गावातलं घर बंद आहे आणि ते कुठं गेले हे कोणी सांगत नाही. म्हणून तो दिवस जसा झाला तसा लिहितो.

दाराशी एक पांढरी जीप उभी होती आणि हार घेऊन दहाबारा पोरं. त्यांच्यापासून जरा लांब, उन्हात, काका उभे होते. हातात कापडी पिशवी. पिशवीत मुलाचा इस्त्री केलेला शर्ट आणि चपला. मुलगा बाहेर आला, पोरांनी घोषणा दिल्या. त्यानं बापाला पाहिलं आणि तो थांबला. खरंच थांबला, मी पाहिलं. तेवढ्यात त्या चौघांतला एकजण काकांकडं आला आणि त्यांच्या पाया पडला.

"काका, एवढ्या उन्हात कशाला आलात? द्या, मी देतो त्याला," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला आणि पिशवी घेतली.

काकांनी ती दिली. मुलगा जीपमध्ये बसला. जीप वळली आणि निघून गेली.

मी रस्ता ओलांडून त्यांच्यापाशी गेलो. त्यांनी माझ्या हातातल्या स्लिपांकडं पाहिलं. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर. असता तर मला बरं वाटलं असतं. घामानं दुमडलेले ते कागद त्यांनी घेतले, तळहातानं सरळ केले आणि मला परत दिले.

"ठेवा नीट," ते म्हणाले. "कोना दुसऱ्याच्या पोराला लागतील."