काकांच्या आंघोळीचं पाणी

मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. करणी, भानामती असलं काही कुणी सांगायला लागलं की माझं डोकं फिरतं. तरी हे लिहितेय, कारण हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय… आणि पाहताना मला मनापासून आनंद झाला होता, तोही लपवत नाही.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचे दिवस. सोलापुरात गिरणीजवळ आमचं बैठं घर होतं. त्यातली मागची खोली माझ्या आत्याची. नवऱ्यानं टाकल्यापासून ती तिथंच राहायची, विड्या वळून स्वतःचं भागवायची. शेजारची खोली दत्तूकाकांची, म्हणजे तिच्या धाकट्या भावाची. काका गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम. साहेबाच्या बंगल्यातलं पांढऱ्या टाइल्सचं बाथरूम पाहून आले आणि तसलंच हवं म्हणून हट्टाला पेटले. आत्या मंगळवेढ्याला लग्नाला गेली, तेवढ्यात हा गृहस्थ तिची खोली फोडून तिथं बाथरूम बांधून मोकळा! ती परतली तेव्हा तिची ट्रंक आणि तंबाखूचं सूप पडवीत पडलं होतं. काकांपुढे बोलायची घरात कुणाची छाती नव्हती. मी मनातल्या मनात त्यांना शिव्या घालत होते.

वर निर्लज्जपणा बघा. आमच्याकडे रीत होती — नव्या मोरीत पहिला तांब्या घरच्या लेकीनं ओतायचा. काकांनी तिलाच बोलावलं.

"आक्का, पहिला तांब्या तूच वत की."

"वतते की," आत्या म्हणाली. पण ती पाणी जायच्या जाळीपाशी गेलीच नाही. काकांच्या खोलीकडच्या दारात उभी राहिली आणि उंबऱ्यावर तांब्या उपडा केला. "दत्तू, माजी जागा पान्याला दिलीस न्हवं? आता पानी तुज्या अंथरुणात यील."

दुसऱ्याच दिवशी सुरू झालं. बाकी कुणीही आंघोळ केली की पाणी निमूट जाळीतून जायचं. काका बसले की तेच पाणी वळायचं, दाराखालून निघायचं आणि थेट त्यांच्या गादीखाली! गवंड्याला बोलावलं. त्यानं फरशीवर गोटी सोडली, ती घरंगळत जाळीशी गेली.

"उतार बराबर हाय की, मालक!"

तरी फरशी उखडून पुन्हा बसवली, सांधे सिमेंटनं भरले, उंबरा वाढवला. मग पाणी काकांच्या पलंगामागच्या भिंतीतून पाझरायला लागलं. मला वाटलं, काका अंगानं भारी, वजनानं फरशी दबत असेल. म्हणून त्यांच्या जागी जोंधळ्याचं पोतं ठेवून मी बादली ओतली… पाणी सरळ जाळीत. माझ्या अंगावर काटा आला, आणि हसूही आलं.

गाद्या कुजल्या. ओलीनं काकांची छाती भरली, खोकून खोकून बेजार झाले. शेवटी एका सकाळी ते पडवीत येऊन आत्यासमोर बसले.

"आक्का, चुकलं माजं. तुजी खोली परत बांधून देतो. पर हे थांबव."

आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिनं हातातली विडी पुरी केली, दोरा बांधला.

"मला नको ती खोली. तू रोज आंगूळ कर तितं."

काका त्यानंतर गिरणीच्या नळावर आंघोळ करायला लागले. बाथरूम आत्याचं झालं. पाणी कसं वळायचं हे मला आजही कळलेलं नाही. पुढं एकदा मी तिला सरळच विचारलं, की आत्या, तू नक्की केलंस तरी काय?

"मला काय ठावं?" ती म्हणाली. "मी नुसता राग धरला हुता… सोडला न्हाय."