वैशालीच्या खोलीतली मुलं

वैशाली गेल्याचा तिच्या नवऱ्याचा फोन शाळा भरण्याआधीच आला होता. नंतर मुख्याध्यापिकेनं वर्गात येऊन मुलांना सांगितलं, तेव्हा माझ्या तिसरीच्या वर्गातली कितीतरी मुलं डेस्कवर डोकं टेकून रडायला लागली. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मनात आलं… मी गेले तर यातलं कोण रडेल? मैत्रिणीच्या मरणाच्या दिवशीही मला तिचा हेवा वाटला. तो अजून गेलेला नाही.

इथे अमेरिकेत, ट्रॉय शहरात आम्ही एकाच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये राहायचो. ती नागपूरची, मी पुण्याची. दोघींचे नवरे गाड्यांच्या कंपन्यांत, दोघी व्हिसापायी घरी बसून कंटाळलेल्या. कामाची परवानगी मिळाल्यावर मी रीतसर शिक्षिका झाले, शेजारच्या गावातल्या प्राथमिक शाळेत लागले. पुढे वैशालीलाही मीच तिथे नेलं. शाळेत हातावर पोट असलेल्या घरांतली मुलं जास्त, म्हणून वाचनात आणि गणितात मागे पडलेल्यांना वेगळं शिकवायला केंद्र सरकारचा निधी यायचा. वैशालीची नोकरी त्या निधीवर होती. लायब्ररीला लागून एक बिनखिडकीची खोली तिला मिळाली. माझ्या वर्गातली काही मुलं रोज थोडा वेळ तिच्याकडे, त्यांच्या ‘मिस व्ही’कडे, जायची आणि परत येताना फुलून यायची.

दिवसभर घसा कोरडा करायचे मी. एकदा एका मुलीनं फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज बिनचूक केली. मी खुशीत म्हटलं, “बघ, काल शिकवलं ते लक्षात राहिलं!” ती म्हणाली, “तुम्ही सांगितलं होतं. मिस व्हीकडे मी ते केलं.”

त्या दिवशी पार्किंग लॉटमध्ये मी वैशालीला ऐकवलंच, “तुझं बरंय. तुला मूठभर मुलं, मला अख्खा वर्ग.”

ती हसली. “मग बदलू या ना यार! तुझी पर्मनंट नोकरी मला दे, माझी खोली तू घे.”

मी गाडीचं दार उघडून आत बसले.

मागच्या शरदात निधी येईल की नाही याचीच खात्री उरली नाही. वैशालीची जागा रद्द होणार असं सगळे धरून चालले होते. शाळा मंडळाच्या सभेत माझ्या वर्गातल्या लैलाचे वडील उभे राहिले. येमेनहून आलेले, गोदामात काम करणारे. अडखळत म्हणाले, “माझ्या आईच्या औषधांवरचं मला वाचता येत नाही. आता लैला वाचते.” मग वैशालीकडे वळून त्यांनी छातीवर हात ठेवला. लैला माझ्या वर्गातली, पण माझं नाव कुणी घेतलं नाही.

परतताना वैशाली म्हणाली, “नीलिमा, लैला मागे पडतेय हे आधी तुलाच दिसलं होतं. तूच तिला माझ्याकडे पाठवलंस.” ती मनापासून बोलत होती… तरी माझं समाधान झालं नाही.

जागा वाचली. पण हिवाळ्यात वैशालीला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला आणि पुढचं सगळं भराभर झालं. शोकसभेत आमच्या लोकांनी त्रिसरण-पंचशील म्हटलं, तेव्हा लैला आणि तिचे वडील शेवटच्या रांगेत मान खाली घालून उभे होते.

नवीन कुणी मिळेपर्यंत, माझा वर्ग संगीताच्या तासाला गेला की, वैशालीच्या खोलीतल्या त्या मुलांना मी घेते. परवा लैला माझ्यासमोर बसून वाचत होती. एका लांबलचक शब्दापाशी अडली. तो शब्द सांगायला मी तोंड उघडलं, तोच तिनं पुस्तकावरून नजर न काढता पंजा वर केला.

“वेट,” ती म्हणाली. “मिस व्ही वेट्स.”

थांबायच्या नाही… थांबतात.

मी तोंड मिटलं. लैलाचे ओठ हलत राहिले, बोट अक्षराअक्षरावरून पुढे सरकत राहिलं. मग तिनं तो शब्द मोठ्यानं वाचला आणि माझ्याकडे न पाहता पान उलटलं.