चार मात्रांचं थांबणं

आमच्या छापखान्यात ताईंचं काम वाचायचं. लेखकाची मूळ प्रत हातात धरून त्या मोठ्यानं वाचत आणि समोर बसून मी छापलेल्या पानावर चुका शोधत असे. स्वल्पविराम, अवतरणचिन्ह, नवा परिच्छेद, सगळं तोंडानं म्हणायचं. एकोणीस वर्षं आम्ही एकाच टेबलाच्या दोन बाजूंना काढली. "मूळव्याधीवरचं पुस्तकसुद्धा ताई वाचतात तेव्हा ऐकावंसं वाटतं," असं आमचा बाइंडर म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं.

ताईंनी लग्न केलं नाही. वडील लवकर गेले, तेव्हा धाकट्या भावाला त्यांनीच तळहातावरच्या फोडासारखं जपलं. तो व्हायोलिन शिकला, मग संगीत रचू लागला. दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो, अशा चौघांनी छोट्या सभागृहात वाजवायचं, नव्या वळणाचं संगीत. ताई म्हणायच्या, "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण धाकट्याचं आहे ना, मग चांगलंच असणार."

त्यांची आई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिचं सगळं ताईंनी केलं. धाकटा सदा दौऱ्यावर. आई गेली तेव्हाही तो दोन दिवसांनी पोचला. ताईंनी त्यावर कधी ब्रसुद्धा काढला नाही.

वर्षभरानं तो बारा कविता घेऊन आला. आईच्या शेवटच्या दिवसांवरच्या, त्यानंच लिहिलेल्या, पण ताईंच्या तोंडून बोलल्यासारख्या. चौघं वाजवणार आणि मधेमधे कुणीतरी त्या कविता म्हणणार, अशी त्याची कल्पना.

"गायच्या नाहीत, ताई. साध्या बोलायच्या. आणि त्या तूच म्हणायच्यास."

"अरे, मी चुका शोधणाऱ्यांसाठी वाचते. लोकांसमोर कसलं माझं ध्यान!"

"म्हणूनच तू हवीस."

आठ महिने दर रविवारी चेलोवालीच्या घरी तालीम झाली. शिंप्याच्या दुकानावरची ती लांबट खोली. ताई त्या चौघांना चांडाळचौकडी म्हणायच्या आणि सोमवारी मला सगळं साग्रसंगीत सांगायच्या. गज टेकवण्याआधी चेलोवाली नाकानं श्वास घेते, तो ऐकू आला की आपला पहिला शब्द सोडायचा, ही युक्ती त्यांची त्यांनीच शोधली होती. छापखान्यात कधी न दिसलेली चमक त्यांच्या डोळ्यांत आली होती.

सातव्या कवितेत एक ओळ होती: 'तुझी नखं कापताना मी तुझं वय विसरले.' पहिल्यांदा म्हणताना 'कापताना'पाशी ताईंचा गळा दाटला. वाद्यं पुढे निघून गेली. त्यांनी माफी मागितली, तर धाकटा म्हणाला, "नाही नाही, असंच राहू दे," आणि त्यानं पेन्सिलनं काहीतरी लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी ताई मला म्हणाल्या, "आयुष्यात पहिल्यांदा माझी चूक कुणी दुरुस्त केली नाही हो."

कार्यक्रमाआधी दोन आठवडे तालमी बंद झाल्या. चौघांना विश्रांती हवी, असं धाकट्यानं कळवलं. त्याच सुमारास माहितीपुस्तिका तपासायला आमच्या टेबलावर आली. तिसऱ्या पानानंतर एकदम पाचवं. ताईंनी फोन लावला.

"चौथं पान अजून व्हायचंय, ताई. कलाकारांचे फोटो यायचेत, ते पान मी दुसरीकडे छापून घेतो."

ताई दुसऱ्याच दिवशी स्टुडिओत जाऊन फोटो काढून आल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी तीनला रंगीत तालीम, हे महिनाभर आधीच ठरलेलं होतं. ताईंनी मलाही बरोबर नेलं. बाजूच्या दारानं आत शिरलो तर मंचावर चौघं वाजवत होते आणि माइकपुढे एक बाई उभी होती. रोज टीव्हीवर दिसणारी नटी. ती सातवी कविता म्हणत होती. 'तुझी नखं कापताना', आणि थांबली. थेट ताईंसारखी. मी शेजारी पाहिलं. ताईंचे ओठ तिच्याबरोबर हलले होते आणि तिच्याबरोबरच थांबले होते.

मंचाच्या कडेला उभा असलेला धाकटा धावत खाली आला. "ताई, तू आत्ता कशी काय?"

"कशी काय म्हणजे? तीनला तालीम ना?"

"मी फोन करणारच होतो. आयोजक म्हणाले, ओळखीचा चेहरा हवा. तुझी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीय."

तेवढ्यात नटी हसत आली. तिला बिचारीला काय ठाऊक! "तुम्हीच का त्या? तुमच्या तालमीचं रेकॉर्डिंग सरांनी दिलं, ते ऐकूनच मी शिकले. ते थांबणं तर काय सुंदर! सर म्हणाले, चार मात्रा, एकही कमी-जास्त नको."

ताईंनी भावाकडे पाहिलं. "तू ते लिहून ठेवलंस?"

"चांगलं होतं म्हणून, ताई."

"मी थांबले नव्हते रे. माझ्याच्यानं बोलवत नव्हतं. आणि तू तेव्हा मात्रा मोजत होतास?"

वरती चौघं आपापली वाद्यं पुसत बसले होते. दोन आठवडे सगळ्यांना माहीत होतं.

मी म्हटलं, "चला, घरी जाऊ." ताई म्हणाल्या, "नको. त्यात माझी आई आहे."

संध्याकाळी त्या पहिल्या रांगेत बसल्या. त्या चार मात्रांत सभागृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. शेवटी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. पुस्तिकेच्या चौथ्या पानावर नटीचा फोटो, खाली बारीक अक्षरांत 'विशेष आभार: ताई.' त्यांनी ती ओळ वाचली आणि म्हणाल्या, "चूक काही नाही."

कार्यक्रम पुढे गावोगावी झाला. धाकट्याचा फोन आला की ताई त्याच्याशी हवापाण्याचं बोलत. "भांडली असती तर बरं झालं असतं," असं तो एकदा मला म्हणाला.

सहा महिन्यांनी चेलोवाली आमच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. "आम्हाला माहीत होतं. तोंड उघडायला हवं होतं, उघडलं नाही." तिला ताईंबरोबर एका वाचनालयात कार्यक्रम करायचा होता, दोघींनीच, दुसऱ्या कविता घेऊन. ताईंनी बरेच आढेवेढे घेतले, मग हो म्हणाल्या.

चाळीसेक खुर्च्या होत्या. ताई छान बोलल्या, आवाज तोच. पण जिथं गळा दाटेलसं वाटलं, तिथं त्या भरभर पुढे पळाल्या. चेलोवालीला त्यांना गाठता गाठता पुरेवाट झाली.

बाहेर पायऱ्यांवर मला म्हणाल्या, "थांबायची भीती वाटते हो. थांबलं की कुणीतरी लिहून घेतंय, असं वाटतं."

त्यानंतर त्या लोकांसमोर कधी बोलल्या नाहीत. रविवारी दुपारी मात्र शिंप्याच्या दुकानावरच्या त्या खोलीत जातात, चेलो ऐकत बसतात. चेलोवालीनं एकदा धीर करून म्हटलं, "ताई, एखादी ओळ म्हणा ना."

"तू वाजव," ताई म्हणाल्या.