नकाराले सही लागत नाही

हे मी आजवर कोणाले सांगतलं नाही. बायकोले नाही, आईले नाही. एका माणसाजवळ एकदाच तोंड उघडलं होतं — ते कसं फुकट गेलं ते शेवटी सांगतो. आधी बाकीचं ऐका.

माहं काम म्हणजे इंटरनेटची तार घरोघरी पोचवायचं. तार ओढणारे वेगळे, मी त्यायच्या आधी जातो. गल्लीत घरं किती, तार येईन कुठून, डब्बा बसन कुठं, हे पाहून नकाशा करतो. डब्बा असते टिफिनएवढा. मोठी तार त्याच्यात येते अन् तिथून बारीक तारा एकेका घरात जातात. डब्बा नाही तं गल्लीले नेट नाही. अन् डब्ब्याले भिंत लागते, कोणाच्या तरी घराची. म्हणून मालकाले विचारायचं. फॉर्मवर दोन खाने — होकार अन् नकार. होकार असला तं मालकाची सही पाहिजे. नकाराले सही लागत नाही.

ज्यानं तो फॉर्म बनवला त्याच्या हे डोक्यात आलं नसन. आम्हा सर्वेवाल्यायच्या पहिल्याच आठवड्यात आलं होतं.

पावर हाउस स्टेशनच्या मागं एक बोळ आहे. स्टील प्लांटातून रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून लोकायनं बांधलेली घरं, बहुतेक आपल्याच भंडारा-गोंदियाकडून इकडं नोकरीले आलेले. बोळाच्या तोंडाशी निखाडे काकाचं घर. डब्बा बसन अशी भिंत तेवढी एकच. काका प्लांटाच्या रोलिंग मिलमधे होते, माहे बाबा रेल्वेत, अन् दोघायची दोस्ती जुनी. काकाची आठवण म्हणजे — बाप्पा! मंडळाच्या गणपतीत कोणाचं पोरगं कोणत्या साली झालं, कोणाची सून कोणत्या गावची, लोकं काकाले विचारत. काकू गेल्यापासून एकटेच राहत. घरात दुसरं काही नव्हतं, आठवणीचीच ऐट होती. अन् शोभे ती त्यायले.

मंग सर्वेच्या दिवशी मी त्यायच्या दारात कावून गेलो नाही? उन्हाचं नाव सांगू काय? मे महिना होता, पार हथखोजच्या कारखान्यायकडून गाडी चालवत आलो होतो, डोकं तापलं होतं. हे खोटं नाही. पण कारण हे नाही. मी प्लांटच्या परीक्षेत तीनदा नापास झालो होतो, अन् काका भेटले की पहिलं तेच — कावून नाही लागला रे तू प्लांटात, तुह्या बाबाची किती इच्छा होती! मायेनं विचारत. मले ती मायाच झोंबे. त्या दिवशी मी गाडीवर बसल्या बसल्या पाह्यलं, काकाचं दार उघडं होतं. आतून कुकरची शिट्टी आली. मी पेन काढला अन् लिहिलं — निखाडे, नकार.

उतरलोही नाही हो गाडीवरून.

वाटलं, दुसरीकडून काढू कधीतरी तार. नाही निघाली. आजूबाजूच्या सगळ्या गल्ल्यायत नेट आलं, तेवढा बोळ राहिला. लोकं ऑफिसात विचारायले गेले तं तिथं सांगतलं, तुमच्या कोपऱ्यावरचा मालक भिंत देत नाही. झालं. कोणाची पोरगी घरून काम करे, ती मोबाइल घेऊन छतावर बसे. कोणाच्या नातवाची ऑनलाइन परीक्षा अर्ध्यात बंद पडली. सगळ्यायचा राग काकावर. बारशाले बोलावणं बंद, सकाळचा रामराम बंद. काका दारोदार सांगत फिरले, मले कोणी विचारलंच नाही हो. भिंत घ्या म्हणून ऑफिसातही जाऊन आले, तं तिथं म्हणे, ह्या बोळाची फाइल बंद झाली, आता पुढच्या सर्वेत पाहू. कोण ऐकते? कागदावर तं नकार होता.

अन् आता ते, जे मले खरं सांगायचं आहे.

त्या वर्षी गणपतीत, आरती झाल्यावर, काकानं सगळ्यायसमोर माहा हात धरला. त्यायले ठाऊक नव्हतं सर्वे कोणाचा होता. म्हणे, "सुधीर, तू तं त्याच कामात आहे नं. सांग बरं ह्यायले, आला होता काय कोणी माह्याकडे?"

सगळे माह्याकडे पाहून राहिले होते. एक शब्द पुरला असता — नाही. मी म्हटलं, "मीच आलो होतो काका. तुम्ही नाही म्हटलं. विसरले असान तुम्ही."

हळू आवाजात म्हटलं. काळजीनं म्हटल्यासारखं. फॉर्म भरला ती पळवाट होती, मान्य. पण हे काय होतं? मी नीच आहो, दुसरा शब्द मले सापडला नाही.

वाटलं, आता ओरडतील, थापड मारतील. काकानं माह्या तोंडाकडे लय वेळ पाह्यलं. मंग त्यायचा हात ढिला पडला. "असन बाप्पा," म्हणे, "विसरलो असन." अन् बोळातल्या लोकायले हात जोडून माफी मांगतली.

त्याच्यानंतर काका एक वही बाळगाले लागले. गॅस बंद केला — लिही. दूध घेतलं — लिही. कुलूप लावून अर्ध्या वाटेतून परत येत. मिलची गोष्ट सांगता सांगता थांबत, जाऊ दे, चुकीचं सांगीन. मंडळात कोणी काही विचारलं तं मान हलवत. पुढच्या वर्षी त्यायच्या पोरानं त्यायले आपल्याकडे रायपूरले नेलं. घराले कुलूप लागलं. मंग नव्या सर्वेत बोळात एक खांब उभा झाला, त्याच्यावर डब्बा बसला, घरोघरी नेट आलं. त्या भिंतीची गरजही राहिली नाही.

मागच्या दिवाळीत मी रायपूरले गेलो. सांगायचंच ठरवून गेलो होतो. काकानं ओळखलं, बाबाचं नाव घेतलं, गावही बरोबर सांगतलं — अन् विचारलं, बरोबर आहे नं? मी म्हटलं, बरोबर आहे काका. अन् ऐका, मी त्या दिवशी तुमच्याकडे आलोच नव्हतो. तुम्ही काही विसरले नव्हते. मी खोटं बोललो.

काका हासले. माह्या पाठीवरून हात फिरवला. "म्हाताऱ्याले बरं वाटावं म्हणून बोलून राहिला नं? तुह्या बाबासारखाच आहे तू." मी पुन्हा सांगतलं, शपथ घेतली. त्यायनं उशाखालून वही काढली, पहिलं पान उघडलं अन् माह्यासमोर धरलं. मोठ्या, जपून काढलेल्या अक्षरात लिहिलं होतं —

डब्ब्यासाठी सुधीर घरी आला होता. मी नाही म्हटलं. विसरलो.

खाली त्यायची सही होती.

मी वही बंद केली अन् त्यायच्या हाती देली.