खाटेची जागा

धुळ्याला देवपुरात, नदीचा पूल ओलांडून आत वळलं की एका बोळात पुष्पाबाईंचं घर होतं. बाहेरची खोली आणि आतलं स्वयंपाकघर, एवढंच. नवरा पितांबर सूतगिरणीत स्टोअरकीपर. सरळ माणूस. बायकोवर कधी हात उगारला नाही की कधी ताट भिरकावलं नाही. पगार झाला की पाकीट देवापुढे ठेवायचा आणि चहा मागायचा. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्याचं खापर त्याच्या माथी फोडता येत नाही. पुष्पाबाईंनीही ते कधी फोडलं नाही.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात पितांबरला लकवा मारला. उजवं अंग लुळं पडलं, जीभ जड झाली. शिंदखेड्याच्या घरून वडलांची सागवानी खाट ट्रकमध्ये टाकून आणली. रुंद, जड, पायांना लाखेचे लाल-काळे पट्टे. तिच्यावर एक माणूस कितीही वर्षं निजला तरी ती करकरणार नाही अशी. बाहेरच्या खोलीला खिडकी एकच, म्हणून खाट खिडकीखाली लावली. मग पितांबरला उजेड डोळ्यात टोचायला लागला. पुष्पाबाईंनी झडपा लावून घेतल्या त्या कायमच्याच. दोन खुर्च्या एकीवर एक चढवून कोपऱ्यात गेल्या. त्यांच्यावर औषधं, गंजीफ्रॉक, रबरी चादर. पाहुणा आला तर उंबऱ्यातच बसायचा. खोलीला तेलाचा आणि फिनेलचा वास धरला आणि भिंतीवर, पितांबरचं डोकं टेकायचं तिथे, एक काळपट गोल डाग उमटला.

लेक वच्छला असोद्याला दिलेली. ती केळीच्या हंगामात अडकलेली असायची, दिवाळीला येऊन चार दिवस राहायची. बाकी सगळं पुष्पाबाईंच्या अंगावर. कूस बदलायची, भांडं द्यायचं, पेज भरवायची. त्यांनी ते नीट केलं. पितांबरच्या पाठीला एकही जखम झाली नाही, आणि ही गोष्ट डॉक्टरांनी दहा जणांत बोलून दाखवली.

पण याच काळात त्यांच्या मनात एक भलतंच सुरू झालं होतं. दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या असताना त्यांच्या हाती एक जुनं मासिक आलं. मधल्या पानावर एका खोलीचं चित्र होतं. पिवळी भिंत, उघडी खिडकी, खिडकीखाली लांबच्या लांब लाकडी बाक, बाकाखाली कप्पे, आणि कोपऱ्यात पितळी घागरीत वाळलेल्या गवताचे तुरे. माणूस कुणी नव्हतंच चित्रात. पुष्पाबाईंनी पान फाडलं नाही, ते बरं दिसलं नसतं. पण ते डोळ्यात बसलं.

घरी येऊन पेज भरवताना त्या समोरच्या भिंतीकडे बघायच्या आणि मनातल्या मनात खोली मांडायच्या. इथे बाक. इथे फडताळ, त्यात माहेरची पितळी भांडी. खुर्च्या दाराजवळ, तिरक्या. भिंतीला नीळ घातलेला चुना नको, हळदीसारखा रंग हवा. रोज थोडं थोडं बदलायचं. कधी फडताळ इकडे, कधी तिकडे. दिवसभरात तेवढाच काय तो विसावा होता.

असंच एकदा चमचा हातात धरून त्या बघत बसल्या. पितांबर त्यांच्याकडे बघत होता. जड जिभेने त्याने विचारलं, काय पाहतेस?

“जळमटं,” त्या म्हणाल्या.

आणि उठून, केरसुणी काठीला बांधून, जिथे एकही जळमट नव्हतं ती भिंत त्यांनी झाडून काढली. पितांबर बघत राहिला. हात चालू असतानाच त्यांच्या लक्षात आलं की मनातल्या त्या खोलीत आपण खिडकीखाली बाक ठेवतो, तिरक्या खुर्च्या ठेवतो, घागरसुद्धा ठेवतो. खाट मात्र कुठेच ठेवत नाही. एकदाही ठेवली नाही. त्यांचे कान तापले. त्या दिवशी त्यांनी पितांबरला साजूक तुपातला शिरा केला. तो त्याला गिळवला नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या पौषात पितांबर गेला. तेरावं झालं, भाऊबंद पांगले, वच्छलाही गेली. घर रिकामं झालं तरी पुष्पाबाईंना पहाटे कूस बदलायला जाग यायचीच. उठून खाटेपाशी जायच्या आणि मग आठवायचं.

होळीच्या सुमाराला त्यांनी फरशी धुवायला म्हणून खाट ओढली. एकटीने, खांदा लावून. खिडकीच्या झडपा गंजून चिकटल्या होत्या, त्या बत्त्याने ठोकून उघडल्या. ऊन आत आलं आणि थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेलं. खोली केवढी मोठी होती! त्यांनी चहा केला, ओल्या फरशीवर खिडकीखाली बसून प्यायला, आणि त्यांना बरं वाटलं. नुसतं बरं नाही, चांगलं वाटलं. गाणं तोंडात येईल इतकं. कप धुताना त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की खाट परत होती तिथे ढकलून, झडपा ओढून घेऊन त्या आत जाऊन पडल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा खाट ओढली. तिसऱ्या दिवशी ती परत ढकललीच नाही.

पुढच्या महिन्यात बोळाच्या तोंडाशी दुकान असलेला हिलाल सुतार येऊन गेला. पुष्पाबाईंनी त्याला खडूने फरशीवर काढून दाखवलं, असा बाक, असे कप्पे. लाकूड कोणतं लावू, त्याने विचारलं. त्यांनी खाटेकडे बोट दाखवलं. हिलालने जरा वेळ त्यांच्याकडे पाहिलं, मग मापं घेतली. खाट त्याने अंगणात मोडली. सांधे सुटताना आवाज होत होता तेवढा वेळ पुष्पाबाई आत खलबत्त्यात दाणे कुटत बसल्या. त्या कुटाची चटणी त्यांनी केलीच नाही.

भिंतीला पिवळं डिस्टेंपर मात्र त्यांनी स्वतः लावलं. डोक्याचा डाग तीन हात दिल्यावर झाकला गेला.

शेजारची कलाबाई दारातून डोकावून, छान झालं हो, म्हणाली आणि नळावर जाऊन वेगळंच बोलली. वर्ष सरलं नाही तोवर हळदीच्या भिंती, असं. पुष्पाबाईंच्या कानावर ते आलं. त्यांना राग यायला हवा होता, आला नाही. कलाबाईला खरं तर काहीच ठाऊक नव्हतं. रंगाचं काय, रंग आत्ता लागला होता. खोली कधीची मांडून झाली होती.

नागपंचमीनंतर द्रौपदाबाई आल्या. पितांबरची थोरली बहीण, शिंदखेड्याच्याच घरात वाढलेली, गावातच दिलेली, साठीच्या पुढची. कळवून येण्याची त्यांची रीतच नव्हती. हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी घेऊन त्या दारात उभ्या राहिल्या, भिंतीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि जाऊन खिडकीखालच्या बाकावर बसल्या. पुष्पाबाईंनी पाणी आणलं. पाय धरले. द्रौपदाबाईंनी तांब्या तोंडाला लावला, पदराने तोंड पुसलं आणि विचारलं,

“मना भाऊनी खाट कोठे शे?”

पुष्पाबाईंचं माहेर जळगावचं, शहरातलं. सासरची बोली त्यांना सगळी कळायची, जिभेवर मात्र बसली नव्हती. त्या म्हणाल्या, “वाळवी लागली होती अक्का. जाळून टाकावी लागली.”

सागवानाला वाळवी. तोंडातून शब्द गेला तेव्हाच त्यांना तो ऐकू आला. द्रौपदाबाईंचा हात बाकाच्या कडेवर होता. सवयीने तो कडेवरून फिरत खाली गेला, बाकाच्या पायावर गेला. हिलालने खाटेचे पाय तसेच ठेवले होते, फक्त आखूड केले होते, आणि लाखेचे पट्टे तासून काढले होते. तरी एका पायाच्या खाचेत थोडी लाल लाख राहून गेलेली. द्रौपदाबाई वाकल्या. नखाने त्यांनी ती लाख खरवडली, नखाकडे पाहिलं.

“मी याच खाटवर जन्मनू,” त्या म्हणाल्या. “आन् तू माले तिच्यावर बसाडीसन सांगस का ती जळनी.”

त्या उठल्या आणि जमिनीवर भिंतीशी बसल्या. पुष्पाबाई उभ्याच होत्या. काहीतरी सांगता आलं असतं. लाकूड वाया जाऊ नये म्हणून केलं, त्यांचीच आठवण राहावी म्हणून केलं. असं सांगितलं असतं तर कदाचित पटलंही असतं. पण एका खोट्यावर दुसरं रचायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती.

“अक्का,” त्या म्हणाल्या, “ते होते तेव्हाच मी ही खोली मनात मांडली होती. पेज भरवताना. रोज. त्यात त्यांची खाट नव्हती.”

बाहेर बोळात कुणाची तरी सायकल भिंतीला घासत गेली. द्रौपदाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि भावाचं नाव न घेता रडल्या. पुष्पाबाईंनी जवळ जायला पाऊल उचललं, तर त्यांनी हाताने थांबवलं. त्या दिवशी त्या भाकरीचा तुकडा खाऊन आत स्वयंपाकघरात निजल्या, आणि सकाळच्या पहिल्या एस.टी.ने निघून गेल्या. शेंगांची पिशवी होती तिथेच राहिली.

मग पुष्पाबाई वर्षश्राद्धाची वाट बघत राहिल्या, फाशीची वाट बघावी तशा. शिंदखेड्याहून सगळे भाऊबंद येणार होते. अक्कांनी गावात काय सांगितलं असेल, कोण काय विचारील, याची उत्तरं त्या भांडी घासताना जुळवायच्या आणि टाकून द्यायच्या. बाकावर बसणं त्यांनी सोडून दिलं. वर घड्या घातलेली अंथरुणं रचून ठेवली, म्हणजे बसायची सोयच नको.

श्राद्धाला द्रौपदाबाई आदल्या दिवशीच आल्या. कामाला लागल्या, वाटण केलं, पुरण वाटलं. बोलायचं तेवढंच बोलल्या. दुसऱ्या दिवशी पंगतीआधी चुलत दीर अभिमन खोलीभर नजर फिरवून मोठ्याने म्हणाला, वहिनी, आमच्या आबाकाकांची शिंदखेड्याची खाट दिसत नाही ती? पुष्पाबाईंच्या हातात पत्रावळी होत्या.

“मी सांगं तिले मोडाले,” द्रौपदाबाई आतून म्हणाल्या. “रिकामी खाट घरमा ठेवतंस नही.”

अभिमनने मान हलवली आणि पाटावर जाऊन बसला. विषय संपला.

पाहुणे गेल्यावर पुष्पाबाई नणंदेपुढे बसल्या. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. द्रौपदाबाई पानाला चुना लावत होत्या. त्यांनी वर न बघताच सांगितलं की माझा राग गेलेला नाही, जाईल असंही वाटत नाही. पण तो तुझा न् माझा, त्यात भाऊबंदांना पानं वाढायची गरज नाही. मग म्हणाल्या, “खोली चांगली शे. त्येनाच राग येस माले.”

पुष्पाबाईंना वाटलं होतं की झाकलं गेलं की हलकं होईल. उलटं झालं. शिव्या खाल्ल्या असत्या तर फिटंफाट झाली असती. आता अक्कांचं खोटंही त्यांच्याच पदरात पडलं होतं. तरी त्यांनी अंथरुणं बाकावरून काढून कप्प्यात घातली. इतकी माणसं पाहून गेलेल्या बाकावर आता आपणच बसायचं नाही याला काही अर्थ नव्हता.

हळूहळू बोळातल्या बायका येऊन बाकावर टेकायला लागल्या. कुणी म्हणायची, आमच्याकडे कपाट कुठे लावू, या ना बघायला. पुष्पाबाई जायच्या, दारात उभ्या राहून आधी घरात कोण कुठे बसतं, कोण कुठे निजतं ते विचारायच्या आणि मग सांगायच्या. दोन वर्षांत देवपुरातल्या कितीतरी घरांत त्यांच्या सांगण्यावरून पलंग फिरले, फळ्या लागल्या. त्यांचा चेहरा उजळला, असं लोक म्हणत. चौकडीचं, फिक्या रंगाचं लुगडंही त्या नेसू लागल्या.

एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात कलाबाईच्या सासऱ्यांची कंबर मोडली आणि ते पडून राहिले. कलाबाईने पुष्पाबाईंना बोलावलं. नळावरचं ते बोलणं तिच्या गावीही नव्हतं. तिला एवढंच हवं होतं की म्हाताऱ्याची खाट मागे अंधाऱ्या खोलीत कशी बसवायची ते सांगा, म्हणजे पुढची खोली मोकळी राहील.

पुष्पाबाईंनी मागची खोली पाहिली. पुढची पाहिली. मग म्हणाल्या, खाट पुढेच राहू दे. त्यांनी ती दाराच्या रेषेत फिरवायला लावली, डोकं भिंतीकडे, तोंड रस्त्याकडे. उशाशी औषधांची फळी, पायाशी पाहुण्यांची सतरंजी. खोली अडली नाही. उलट माणूस आला की म्हाताऱ्याच्या समोरच बसणार. म्हातारा बाहेर बघायला लागला आणि तासाभरात जाणाऱ्या प्रत्येकाला हाका मारू लागला. फक्त दुपारचं ऊन डोळ्यावर येतं म्हणाला.

“दार लावून घेऊ का?” कलाबाईने विचारलं.

“नको,” पुष्पाबाई म्हणाल्या, आणि घरी जाऊन एक विरलेलं वायलचं पातळ घेऊन आल्या. त्याचे दोन तुकडे केले, वर नाडी घातली, आणि दाराच्या चौकटीला खिळे ठोकून पडदा लावला. ऊन गाळून आलं. रस्ता दिसत राहिला. हे सगळं करायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागला नव्हता.

त्या स्टुलावर चढलेल्याच होत्या. हातोडी हातात होती. कलाबाई चहा घ्या म्हणत होती, म्हातारा कुणाला तरी हाक मारत होता, आणि पुष्पाबाईंना एकाएकी आठवलं. आपल्या घरीही उजेड टोचतो म्हणाले होते ते. एवढंच म्हणाले होते. झडपा लावा असं म्हणाले नव्हते.

इतकी वर्षं ज्याची लाज वाटत होती ते काही एवढं मोठं नव्हतं. थकलेल्या बाईच्या मनात काय काय येतं. मनातल्या खोलीत खाट नव्हती, नसू दे. पण जी खोली खरोखर होती, जिच्यात खाट होती आणि खाटेवर माणूस होता, ती त्यांनी एकदाही मांडून पाहिली नव्हती. हात तोच होता, डोळा तोच होता. घरात जुनी पातळंही होती.

त्या खाली उतरल्या. डोकं दुखतं असं सांगून चहा न घेता घरी गेल्या. पुढे कधीतरी द्रौपदाबाईंना त्यांनी हे सांगितलं. द्रौपदाबाईंना तेव्हा नीट ऐकू येत नव्हतं, दोनदा मोठ्याने सांगावं लागलं, तेही शिंदखेड्याला त्यांच्या अंगणात, सुना वावरत असताना. ऐकून झाल्यावर त्यांनी पुष्पाबाईंचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि ऊन उतरेपर्यंत तो तसाच धरून बसल्या.