डाव्या दरवाजाची डागडुजी

आमच्या ट्रकचा डावा दरवाजा शेळीने खाल्ला.

(संपूर्ण नाही, खालचा भाग. पण आरटीओतल्या पासिंगच्या साहेबांना एवढा बारकावा कुठे कळतो!)

आम्ही पुण्याजवळच्या मांजरी गावचे. पूर्वी आमचा ट्रक ऊस वाहायचा. मग उसाच्या रानात सोसायट्या उगवल्या आणि तो विटा वाहू लागला. (शेतं गिळणाऱ्या बिल्डरांचा मी पत्रकं वाटून जाहीर निषेध केला आहे. विटा त्यांच्याच असायच्या, हे कृपया आमच्या संघटनेत बोलू नका.) आई गेल्यापासून आप्पांचं घरातलं बोलणं "चहा ठेव" आणि "ठेवलास का" एवढ्यावर आलं होतं. बाकी वेळ ते ट्रकमध्ये बसत. चालवत नसत. नुसते बसून डावीकडे पाहत.

डावीकडे आई बसायची. त्या बाजूच्या दरवाजावर बाहेरून, पिवळ्या रंगात तिचं नाव होतं: शेवंता. तिनेच लिहिलेलं. शाळेची पायरी ती कधी चढली नव्हती. माझ्या पाटीवर गिरवून गिरवून तेवढा एक शब्द शिकली, आणि ट्रक रंगवून उरलेल्या डब्यात ब्रश बुडवून तिने तो दरवाजावर काढला. तिच्या हातचं लिहिलेलं आमच्याकडे तेवढंच.

आणि गंज नेमका त्याच दरवाजाला! पासिंग जवळ आलं तसे आप्पा बिबवेवाडीच्या एका गॅरेजात गाडी घेऊन गेले. मीही सोबत होते. मिस्त्रीने दरवाजावर टिचकी मारली. बोट आत गेलं.

"बदलून टाका, काका."

"ह्योच नीट हुनार न्हाई?"

"दरवाजा असता तर केला असता. हा नुसता रंग उभा आहे. जोरात लावू नका, रंगाला लागेल."

आप्पा गाडी घेऊन घरी आले. मी मात्र पेटले!

"ही लूट आहे, आप्पा! जुनं फेकायला लावायचं आणि नवं गळ्यात मारायचं! मी करते दुरुस्त."

"तुला येतंय?"

"त्यात यायचंय काय? अन्यायाविरुद्ध ठाम उभं राहायचं!"

"मी गंजाचं इचारतोय."

"तेच ते!"

आप्पा म्हणाले, "कर. पर तिच्या नावाला धक्का लावू नगंस."

मोबाइलवरच्या व्हिडिओत एक गोरा गृहस्थ हसत हसत सांगत होता, की चकचकीत पत्रा लागेपर्यंत गंज घासा. मी पॉलिश पेपर घेऊन घासू लागले. गंज निघाला. त्याखाली गंज निघाला. त्याच्याही खाली आतली सीट निघाली! भोक आधी वाटीएवढं होतं, मग भाकरीएवढं झालं. परातीएवढं झाल्यावर मी लढा तात्पुरता स्थगित केला.

आता तिथे पत्र्याचा तुकडा जोडायला हवा होता. माझ्याकडे पत्रा नव्हता, पण पत्रकं होती. पाणीप्रश्नाच्या मोर्चाची. (मोर्चाला माणसं कमी पडली. पत्रकं कधीच कमी पडत नाहीत.) आणि मैद्याची खळ शिजवण्यात माझा हात धरणारा या शहरात जन्मलेला नाही. भिंतीवरचं माझं पोस्टर खरवडताना भल्याभल्यांची नखं तुटली आहेत! मी थरावर थर चढवले. उद्या वरून पुट्टी, मग रंग. साहेबांच्या बापाला कळणार नाही!

शेवटी आईचं नाव आठवलं. त्याच्यावर धूळ बसू नये, रंगाचा शिंतोडा उडू नये, म्हणून मी त्याच्यावरही एक पत्रक लावलं. भरपूर खळ घालून. अर्धवट चिकटवायची आम्हाला चळवळीत सवय नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या शांताकाकींची हाक आली. "अगं ए पुढारणी! तुझ्या गाडीनं माझी शेळी धरलीय बघ!"

प्रकार उलटा होता. शेळी मागच्या दोन पायांवर उभी राहून दरवाजा जेवत होती. (खळीला कीड लागू नये म्हणून तिच्यात विषारी मोरचूद घालतात. मी विसरले होते, म्हणून ती वाचली. माझ्या हलगर्जीपणाची ही एकमेव लाभार्थी.) खालचे थर संपवून ती वरच्या पत्रकापर्यंत पोचली होती.

"सोड! सोड म्हणते ना!" मी तिला मागे ओढलं. ती मागे आली, पत्रकासकट. आणि पत्रकासकट रंगही आला.

दरवाजावर उरला तपकिरी गंज. पत्रकाच्या पाठीवर, आरशात दिसावं तसं उलटं, पिवळं नाव. मी हात घालेपर्यंत अर्धं तिच्या तोंडात.

"अगं बया!" काकी म्हणाल्या. "पानीप्रश्न गिळला की गं हिनं!"

"तो नाही हो, काकी..." मी शेळीचा जबडा उघडू लागले.

आप्पा गाडीतच बसले होते. ते उतरले, वळसा घालून आले आणि तान्ह्या पोराच्या तोंडातून काही काढावं तसा त्यांनी शेळीच्या तोंडातून उरलेला कागद अलगद काढला. ओल्या लगद्यावर थोडं पिवळं होतं. अक्षर एकही नव्हतं.

"आप्पा, मी..."

"शेळीला पानी दे," आप्पा म्हणाले. "रंग गेलाय पोटात."

मग नवा दरवाजा बसला. पासिंग झालं. कोऱ्या दरवाजाच्या ट्रकमध्ये आप्पा पुन्हा नुसते बसू लागले, पण आता समोर पाहायचे. एका संध्याकाळी त्यांनी पिवळ्या रंगाचा डबा आणि ब्रश माझ्यापुढे ठेवला.

"भिताडावर लिवतीस न्हवं? हितं लिव."

"आईसारखं नाही जमणार, आप्पा."

"तिला तरी कुठं जमलं हुतं?"

मी लिहिलं. पण माझ्या हाताला एकच वळण आहे: भलंमोठं, तिरकं, रस्त्यापलीकडून वाचता येईल असं. शेवटी उद्गारचिन्हही पडलं. (सवय!) मी पुसायला गेले, तर आप्पांनी हात धरला. "ऱ्हाऊ दे."

दुसऱ्या दिवशी ते ट्रक घेऊन बाहेर पडले. मी डावीकडे बसले. हडपसरच्या सिग्नलला एका रिक्षावाल्याने मान बाहेर काढून दरवाजा वाचला.

"ओ काका, या शेवंताबाई कुठल्या पक्षाच्या?"

"माझ्या," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी गिअर टाकला.

आजवर मी कितीतरी भिंती रंगवल्या. लोकांनी थांबून वाचलेली माझी घोषणा ही एकच, आणि तिच्यातली मागणी पुरी करणारं सरकार अजून कुठे स्थापन झालेलं नाही!